मुलीला अकरावी आर्ट्सला सायकॉलॉजी घ्यायचीय, घेऊ द्यावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कोण कसा सल्ला देणार. मुलीची यंदा दहावी झाली, मराठी माध्यम, ८६ टक्के, विज्ञानात चांगले आहेत, गणितात बरे. घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं की सायन्सला जाणार, आणि ही आता म्हणते आर्ट्स घेणार आणि त्यात सायकॉलॉजीच घेणार.

हे कुठून आलं ते सांगतो. माझा पुतण्या चौथीत आहे, त्याला वाचायला फार त्रास होतो, जोडाक्षर आलं की गाडी अडते, लिहिताना अक्षरं गाळतो, बाकी बोलायला एकदम हुशार. शाळेतल्या बाई म्हणाल्या एकदा चाचणी करून घ्या. म्हणून पुण्याला घेऊन गेलो, सुट्टी होती तर हीपण आली बरोबर. तिथल्या मॅडमनी त्याला ठोकळे जुळवायला दिले, चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, गोष्ट वाचून घेतली, आणि नंतर भावाला समोर बसवून नीट समजावलं की पोरगं आळशी नाहीये, ढ तर अजिबात नाही. भाऊ रडला तिथं. तेव्हापासून हिच्या डोक्यात हेच. परत येताना गाडीत मला विचारत होती की त्या मॅडमनी कुठलं शिक्षण घेतलं असेल, मला काय सांगता येईना.

आता आमच्याकडे परिस्थिती अशी की माझ्या बहिणीचं म्हणणं वेड्यांची डॉक्टर व्हायचं तर आधी डॉक्टर तरी हो म्हणावं, सायन्स घे. बायको म्हणते तिला जे आवडतं ते करू दे पण पुढे नोकरीचं काय ते आधी बघा. आणि मी मधे. आमच्या गावच्या ज्युनियर कॉलेजात आर्ट्सला इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र एवढंच आहे, सायकॉलॉजी शिकायची तर एसटीने तासभर जावं लागेल रोज. तेवढं करण्यासारखा हा विषय आहे का, अकरावी बारावीला घेतला नाही तर पुढे बीएला मिळतच नाही का, त्यात शिकवतात काय, मार्क पडतात का, आणि शेवटी हातात काय येतं. जाणकारांनी सांगावं. फॉर्मचे पसंतीक्रम भरायचेत म्हणून जरा घाई आहे.

स्पष्टच_बोलतो

८६ टक्के आणि आर्ट्स? साहेब सायन्स घ्या. बारावी सायन्सनंतर आर्ट्सला जाता येतं, आर्ट्सनंतर सायन्सला येता येत नाही. एवढं एकच लक्षात ठेवा बाकी सगळे इथे भावनेच्या भरात लिहितील.

खडूफळा

मी ज्युनियर कॉलेजला हाच विषय शिकवतो, तेव्हा थोडं पक्षपाती समजून वाचा.

आधी तुमचा सगळ्यात सोपा प्रश्न. नाही, अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेतलं नाही तरी बीएला घेता येतं. आमच्या भागातल्या बहुतेक कॉलेजात बीए सायकॉलॉजीला बारावी कुठल्याही शाखेची चालते, दरवर्षी सायन्सवाले येतातच. म्हणजे स्पष्टच बोलणाऱ्या साहेबांचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. फक्त त्यात एक हिशोब राहतो, की जिला फिजिक्समध्ये काडीचा रस नाही तिला दोन वर्षं फिजिक्स-केमिस्ट्री करायला लावून, क्लासची फी भरून, शेवटी बारावीला ५८ टक्के घेऊन ती आर्ट्सला आली तर त्या 'मोकळ्या दारांचा' उपयोग काय. चांगल्या कॉलेजात बीएची सीट बारावीच्या टक्क्यांवर मिळते, तिथे मग कोणी विचारत नाही की तू सायन्स केलंस म्हणून कमी पडले का. असे विद्यार्थी मी बघत आलोय.

आता शिकवतात काय. अकरावीला विषयाची ओळख असते, मानसशास्त्र विज्ञान कसं झालं तिथून सुरुवात, म्हणजे विल्हेम वुंट यांनी १८७९ ला जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तिथपासून. मग विषयाच्या शाखा, मेंदू आणि मज्जासंस्था, माणसाचा विकास. बारावीला बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, अवधान-संवेदन-अध्ययन-विचार, भावना, मानसिक विकार. पुस्तकं बालभारतीची आहेत, अकरावीचं २०१९ ला बदललं आणि बारावीचं २०२० ला, आणि दोन्ही ई-बालभारतीच्या साइटवर फुकट उतरवून घेता येतात. माझं ऐका, कोणाला काही विचारण्याआधी आज रात्री बारावीचं पुस्तक उतरवा आणि मुलीच्या हातात द्या. बुद्धिमत्तेचं प्रकरण वाचू दे. पुण्याला तिने जे बघितलं ना, ठोकळे आणि उलटे आकडे, ते त्या प्रकरणाचंच प्रत्यक्ष रूप आहे. १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळांत कुठल्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि सिमोन यांनी चाचणी तयार केली, तिथून हे सगळं सुरू झालं. आणि आपल्याकडे १९३० च्या दशकात कामत यांनी त्याच चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं, बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही वापरात आहे. तुमच्या पुतण्याला तीच दिली की दुसरी कुठली ते त्या रिपोर्टवर लिहिलेलं असेल, मुलीला सांगा रिपोर्ट काढून बघ. हे मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंपण मान वर करतात, कारण त्यांना वाटत असतं की आयक्यू म्हणजे मोबाइलवर दहा प्रश्नांची क्विझ.

मार्क. लेखी ८० आणि प्रॅक्टिकल-प्रकल्पाचे २०. लेखीत प्रसंग देऊन त्यावर प्रश्न येतात आणि तिथे हुशार मुलं गडबडतात, कारण त्यांना वाटतं हा विषय म्हणजे आपलं मत लिहायचं. 'राजूला परीक्षेची भीती वाटते' असा प्रसंग दिला की पोरं पानभर उपदेश लिहितात, राजूने सकारात्मक विचार करावा, आईवडिलांशी बोलावं, देवावर विश्वास ठेवावा. अरे बाबा विचारलंय काय, त्यातली संकल्पना ओळख, तिचं नाव लिही, प्रसंगातला कुठला भाग तिच्याशी जुळतो ते दाखव. जो हे शिकला त्याला मार्क पडतात, ८५ च्या पुढेही पडतात. घोकून जो बसतो तो साठीत अडकतो.

आणखी एक. विकारांचं प्रकरण सुरू झालं की महिनाभर सगळा वर्ग डॉक्टर झालेला असतो. सर माझ्या वडलांना ओसीडी आहे ते तीनदा कुलूप ओढून बघतात. सर माझी बहीण बायपोलर आहे सकाळी चिडते संध्याकाळी हसते. मी दरवर्षी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो की घरच्यांचं निदान करायला बंदी आहे. हसण्यावारी नेऊ नका, पण काही मुलं स्वतःचंच निदान करून बसतात आणि घाबरतात, आणि एखाद्याला खरोखरच मदत लागणार असते, तेव्हा शिकवणारा माणूस कसा आहे यावर फार अवलंबून असतं. म्हणून कॉलेज निवडताना नुसता विषय आहे का एवढं बघू नका, शिकवायला कायमचा माणूस आहे की दरवर्षी नवीन तासिका तत्त्वावर येतो ते विचारा.

स्पष्टच_बोलतो

सर सगळं छान पण नोकरीचं एक वाक्य नाही तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये.

खडूफळा

कारण ते माझ्यापेक्षा नीट सांगणारे इथे आहेत, त्यांची वाट बघतोय.

सावली_०७

काका मी मागच्या वर्षी बारावी झाले आर्ट्स सायकॉलॉजी घेऊनच, आता एफवायला आहे, तर खरं खरं सांगते.

विषय मस्त आहे. पण मी ज्या कारणासाठी घेतला त्यातलं काहीच निघालं नाही हाहा. मला वाटलेलं समोरच्याकडे बघून त्याच्या मनातलं ओळखायला शिकवतील, बॉडी लँग्वेज वगैरे, सिरीयलमध्ये दाखवतात तसं. पहिल्या टेस्टला आलं काय तर न्यूरॉनची आकृती काढा आणि भागांना नावं द्या. मी म्हटलं हे तर दहावीच्या सायन्समध्येच सोडून आले होते. मग मेंदूचे भाग, ग्रंथी, हार्मोन. तर जिला बायोलॉजी आवडते तिला हा विषय उलट सोपा जातो, तुमच्या मुलीला विज्ञानात मार्क आहेत ना मग टेन्शन नाही.

जे आवडलं ते म्हणजे स्मरणाचं. एबिंगहाऊस म्हणून एकजण होता १८८५ चा, त्याने स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. तर तो म्हणतो पहिल्या काही तासातच सगळ्यात जास्त विसरायला होतं आणि नंतर वेग कमी होतो. हे वाचल्यावर मी माझी अभ्यासाची पद्धतच बदलली, आज वाचलेलं आजच रात्री एकदा आणि मग दोन दिवसांनी एकदा. इतर विषयातपण फायदा झाला इतिहासात सगळ्यात जास्त.

वाईट काय ते पण सांगते. आमच्या कॉलेजात (नाव नाही घेत) प्रॅक्टिकल म्हणजे सीनियर मुलींची जर्नल आणून उतरवायची. आकडे सकट. आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायची असा एक प्रयोग असतो, तर आमच्या वर्गातल्या सगळ्यांना तो तारा काढायला सेम टू सेम सेकंद लागले होते कागदावर, सगळ्यांना 😂 आणि कोणी काही बोललं नाही. आता एफवायला खरंखुरं प्रॅक्टिकल आहे तर मला स्टॉपवॉच कधी सुरू करायचं इथपासून शिकावं लागतंय. म्हणून काका कॉलेजला जाऊन विचारा की लॅब आहे का.

आणि मराठी माध्यमाचं. बारावी मराठीतून लिहिता येते काही अडचण नाही, पुस्तक मराठीत आहे. पण माझ्या कॉलेजात बीएला सगळी जाड पुस्तकं इंग्रजीच. मी अकरावीपासूनच वहीत प्रत्येक व्याख्येखाली इंग्रजी नाव पण लिहून ठेवलेलं मैत्रिणीच्या सांगण्यावरून, ते आता कामाला येतंय. तिला पण तेच करायला सांगा.

खडूफळा

@सावली_०७ ते जर्नल उतरवायचं प्रकरण वाचून कपाळावर हात मारला, पण नवल नाही वाटलं. गंमत म्हणजे या प्रयोगांना पैसे लागतच नाहीत. म्युलर-लायर भ्रम, दोन सारख्या लांबीच्या रेघा, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर, आणि दुसरी लांब वाटते, हे कार्डबोर्डच्या सरकत्या पट्टीवर होतं. स्ट्रूपचा प्रयोग १९३५ चा, तो मुलांनी मराठीत बनवला आमच्याकडे, 'लाल' हा शब्द हिरव्या स्केचपेनने लिहायचा, 'निळा' पिवळ्याने, आणि शाईचा रंग भराभर सांगायचा. जीभ अडखळते. मग एका हुशार पोराने विचारलं की सर पहिलीतल्या पोराला, ज्याला अजून वाचताच येत नाही नीट, त्याला हा त्रास होईल का? दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला घेऊन आला. हा प्रश्न ज्या दिवशी पोराला पडतो त्या दिवशी त्याला विषय कळला, मग पेपरात किती पडोत.

टेम्सकाठचा_पुणेकर

इकडचा अनुभव लिहितो, कदाचित तुलना म्हणून उपयोगी पडेल. आमचा मुलगा इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला आहे, म्हणजे आपली अकरावी-बारावी. इथे मुलं बहुतेक तीनच विषय घेतात आणि सायकॉलॉजी हा सगळ्यात जास्त घेतल्या जाणाऱ्या विषयांत आहे, गणिताच्या खालोखाल. आर्ट्स-सायन्स अशी भिंत नसल्यामुळे हा बायोलॉजी, सायकॉलॉजी आणि मॅथ्स असं करतोय, आणि त्याबद्दल कोणी भुवया उंचावत नाही.

त्याच्या बोर्डाचे तीन पेपर, प्रत्येक दोन तासांचा, ९६ मार्कांचा. मिलग्रमचे आज्ञापालनाचे प्रयोग, अॅशचे समूहाच्या दबावाचे, आई-मुलाच्या नात्यावर बोल्बी आणि एन्सवर्थ, स्मरण, विकार, हे सगळं आहेच. पण सगळ्यात जास्त भर संशोधन पद्धतीवर. प्रयोग दिला की त्यात चुकलंय काय ते शोधायचं, नमुना कसा निवडला, दुसरं कारण असू शकतं का, लोकांना फसवून प्रयोग केला तर ते नैतिक आहे का. आणि किमान दहा टक्के मार्क गणिती कौशल्याचे असतात. आमच्या सौ. म्हणाल्या आमच्या वेळी हा विषय म्हणजे गणितापासून पळून जायची जागा होती! तर कृष्णाकाठ साहेब, मुलीला गणित 'बरं' आहे म्हणालात ते मोडून टाकू नका, पुढे लागणारच आहे.

ठाणेकरीण

मी एका शाळेत समुपदेशक आहे, आधी काही वर्षं दवाखान्यात होते. नोकरीचं विचारलंय ते मी सांगते, आणि गोड करून सांगणार नाही.

पहिली गोष्ट, तुमच्या ताईंना सांगा की सायकियाट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट ही दोन वेगळी माणसं आहेत. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून मग त्यात एमडी, तो औषधं देतो. त्यासाठी बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी आणि मग 'नीट' ही प्रवेश परीक्षा, दुसरा रस्ताच नाही. तेव्हा मुलीच्या मनात थोडंसं जरी ते असेल तर आत्ताच नीट विचारून घ्या, हे एकच दार असं आहे की आर्ट्स घेतल्यावर बंद होतं. पुण्याच्या मॅडमचं काम मात्र सायकॉलॉजिस्टचं आहे, चाचण्या, मूल्यमापन, पालकांशी बोलणं, त्याला आर्ट्समधून जाता येतं.

दुसरी गोष्ट, नुसत्या बीएवर या क्षेत्रात काम नाही. म्हणजे बीए सायकॉलॉजी झालेली मुलगी बाकी कुठल्याही पदवीधरासारखी बँकेची, स्पर्धा परीक्षेची तयारी करू शकते, एचआरमध्ये जाऊ शकते, यूपीएससीला हा वैकल्पिक विषय म्हणून आहे. पण 'सायकॉलॉजिस्ट' म्हणून नाही. त्याला एमए पाहिजेच. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर आरसीआयची नोंदणी लागते, भारतीय पुनर्वास परिषद, १९९२ च्या कायद्याची. आजवर त्याचा मुख्य रस्ता म्हणजे एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल, जागा फार कमी, प्रवेश परीक्षा. आता नवीन शैक्षणिक धोरणात एमफिल बंद करायचं ठरलंय, या विषयाला मुदतवाढ देत देत चालवलं, आणि आरसीआयने पदवी आणि एमए पातळीवर क्लिनिकलचे नवीन कोर्स आणलेत. तुमची मुलगी तिथे पोचेपर्यंत पाच वर्षं आहेत, तोवर नियम अजून हलतील. त्यामुळे आज कोणी छातीठोक सांगितलं की अमुक कोर्स कर म्हणजे झालं, तर विश्वास ठेवू नका, बारावीनंतर आणि परत बीएच्या शेवटच्या वर्षी आरसीआयची मान्यताप्राप्त कोर्सची यादी स्वतः बघा.

तिसरी, हे अनेकांना अजून माहीत नाही. बाहेरून करू, मुक्त विद्यापीठातून करू, असा विचार असेल तर तो रस्ता आता नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने सायकॉलॉजीला नवीन प्रवेश बंद केले. माझ्याकडे दोन आया येऊन गेल्या ज्यांनी मुलींचं लग्नानंतर बाहेरून एमए होईल असं धरलं होतं. रेग्युलर कॉलेजच करावं लागेल, म्हणजे बाहेरगावी हॉस्टेलचा खर्च धरून चाला.

कामाचं म्हणाल तर शाळांत मागणी वाढतेय. सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवणं नियमाने आहे, आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट किंवा समाजकार्यकर्ता असावा. आता सांगणं वेगळं आणि पगार देणं वेगळं! बऱ्याच शाळा अर्धवेळ ठेवतात, दोन दिवस इथे तीन दिवस तिथे, आणि रिकामा तास असला की समुपदेशकालाच ऑफ पिरियडला पाठवतात. सुरुवातीची वर्षं कमाई कमीच असते हो. पंचविशीपर्यंत घरच्यांनी थांबायची तयारी लागते. इंजिनियर मैत्रीण बाविसाव्या वर्षी पगार घेत असते तेव्हा आपली मुलगी एमएच्या इंटर्नशिपला स्वतःच्या खर्चाने जात असते, हे आधी माहीत असलेलं बरं.

आणि एक. पुतण्याच्या वाचण्या-लिहिण्याच्या अडचणीचं प्रमाणपत्र कुठून मिळणार ते बघितलंत का? बोर्डाच्या परीक्षेत सवलत पाहिजे तर खाजगी रिपोर्ट पुरत नाही, सरकारी मान्यता असलेल्या हॉस्पिटलचं लागतं, मुंबईत सायन हॉस्पिटलला असा विभाग आहे. चौथीत आहे म्हणजे वेळ आहे, पण विसरू नका.

कृष्णाकाठ

एवढं सविस्तर मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पुतण्याचं तर आम्हाला माहीतच नव्हतं, भावाला आजच सांगितलं.

पुस्तक उतरवून दिलं मुलीला. पहिल्या दिवशी जोरात वाचलं, विकारांचं प्रकरण आधी (सर तुम्ही म्हणालात तसंच, रात्री जेवताना माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली, मी विचारलंच नाही). मेंदूवरचं अकरावीच्या पुस्तकात आहे ते पण चाळलं, म्हणाली हे आवडलं. डॉक्टर व्हायचंय का म्हणून स्पष्ट विचारलं, औषधं देणाऱ्या. नाही म्हणाली, मला त्या मॅडमसारखं पोरांबरोबर बसायचंय. रिपोर्टपण काढला तिने, त्यावर बिने-कामतच लिहिलंय!

खर्चाचं ठाणेकर ताईंनी लिहिलं ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली मग आत्तापासून बाजूला टाकायला लागू, सायन्सच्या क्लासची फी वाचतेय तेवढी तरी. मला पटलं. बहिणीला अजून पटलेलं नाही.

आता दोन शंका राहिल्या. एसटीने जायचं ते कॉलेज बघायला उद्या जातोय, तिथे नक्की काय काय विचारू? आणि सायकॉलॉजीबरोबर बाकीचे विषय कुठले घ्यावेत, तिथे समाजशास्त्र, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल असं सगळं आहे म्हणे.

स्पष्टच_बोलतो

माझं मत तेच आहे, पण घरच्यांनी पाच-सात वर्षांचा खर्च आधी बसून मोजला हे मला आवडलं, सायन्सवाले पालकपण एवढं करत नाहीत. अर्थशास्त्र घ्या. आकड्यांची भीती जाते आणि उद्या बेत बदलला तर बँक आणि एमपीएससीला उपयोगी.

सावली_०७

तर्कशास्त्र घ्या काका!! मार्क देणारा विषय आहे, आमच्या वर्गात सगळ्यात जास्त त्यातच पडले होते.

खडूफळा

दोघांचंही घ्या, चार वैकल्पिक विषय असतात, भांडण नको. दोन भाषा, त्यात इंग्रजी सक्तीची, आणि चार हे. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र आणि चौथं समाजशास्त्र, कारण माणूस एकटा शिकायचा आणि तो राहतो कुठल्या घरात, जातीत, गावात ते सोडून द्यायचं असं होत नाही. पण कॉलेजचं वेळापत्रक बघा आधी, काही ठिकाणी दोन विषय एकाच तासाला असतात त्यामुळे एकच घेता येतो, हे ऑफिसात गेल्याशिवाय कळत नाही.

उद्याचं. प्राचार्यांकडे नका जाऊ, ते सगळं आहे म्हणतील. मानसशास्त्राचे सर किंवा मॅडम कोण ते विचारा आणि त्यांनाच भेटा. कायमचे आहेत का. बारावीच्या वर्गात गेल्या वर्षी किती मुलं होती, कारण मुलं कमी झाली की काही कॉलेजं विषयच बंद करतात आणि अकरावी झालेली मुलं अधांतरी राहतात, हे फार महत्त्वाचं आहे. गेल्या वर्षीचं एखादं जर्नल बघायला मागा, दोन-तीन मुलांची जर्नलं शेजारी ठेवा आणि आकडे सारखे आहेत का बघा, सावलीने शिकवलंच आहे. प्रयोगांचं कपाट उघडून दाखवा म्हणा, किल्ली शोधायला शिपाई पाठवला तर काय ते समजा.

आणि एसटीचा पास, पहिला तास सकाळी किती वाजता लागतो आणि तेव्हा गाडी आहे का ते पण. आमच्याकडे सकाळी सातचं कॉलेज आणि पहिली गाडी साडेसातला, अशी मुलं वर्षभर पहिला तास बुडवतात, आणि मानसशास्त्राचा तास नेमका पहिला असतो.

ठाणेकरीण

मुलीला बरोबर न्या उद्या. प्रश्न तिलाच विचारू द्या, तुम्ही मागे थांबा.

कृष्णाकाठ

जाऊन आलो. मॅडम कायमच्या आहेत, अठरा वर्षं तिथेच. गेल्या वर्षी बारावीला एकेचाळीस मुलं. कपाटाला कुलूप होतं पण किल्ली त्यांच्याच पर्समध्ये निघाली. आरशाचं ते तारा काढायचं यंत्र हिने करून बघितलं, पेन्सिल भलतीकडेच जात होती, मग मॅडमनी डाव्या हाताने करायला लावलं आणि वेळ हिलाच मोजायला सांगितला. अर्थशास्त्र आणि तर्कशास्त्र एकाच तासाला आहे, तेव्हा स्पष्ट साहेब आणि सावली, तुमच्यातला एकच. हिने तर्कशास्त्र धरलंय, मी अजून अर्थशास्त्रासाठी प्रयत्न करतोय. पहिली गाडी सव्वासहाला आहे, कॉलेज साडेसातला. पसंतीक्रमात हे कॉलेज एक नंबरला टाकलं आणि गावचं शेवटी.

स्पष्टच_बोलतो

अर्थशास्त्र. परत सांगतो.